शारदा सदनाचा उघडा दरवाजा : पंडिता रमाबाई, ख्रिस्ती श्रद्धा आणि सार्वजनिक काम

मुळामुठा :

सार्वजनिक कामात उतरणाऱ्या माणसाने आपली श्रद्धा घरी ठेवून यावे, असे आपल्याकडे वारंवार सांगितले जाते. ख्रिस्ती माणसाला ते अधिकच ठासून सांगितले जाते, कारण त्याने चालवलेल्या शाळेमागे, दवाखान्यामागे किंवा अनाथालयामागे धर्मांतराचा हेतू असणारच, अशी शंका ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून असते. महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा फार जवळून अनुभवला आहे. पंडिता रमाबाईंनी विधवांच्या शिक्षणासाठी काढलेल्या शारदा सदनावरून १८९३ मध्ये पुण्यात जो वाद पेटला, त्याकडे आपण बहुधा ‘रमाबाई विरुद्ध टिळक’ किंवा ‘सुधारक विरुद्ध सनातनी’ अशा नजरेने पाहतो. माझ्या मते तो त्याहून अवघड प्रश्नाचा वाद होता. जिच्या कामाचे मूळच तिच्या श्रद्धेत आहे, अशा व्यक्तीने इतरांच्या विश्वासावर उभ्या असलेल्या संस्थेत त्या श्रद्धेसह कसे वावरावे, हा तो प्रश्न. या धाग्यात त्यावरच चर्चा व्हावी, ही विनंती.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात त्यावर संताप उसळला. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या पुस्तिकेतून त्यांची बाजू घेतली. हे आपल्याला साधारणपणे ठाऊक असते. बाप्तिस्म्यानंतर वाँटेजच्या भगिनींशी (तेथील मठातील जोगिणींशी) आणि अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांशी त्यांचे जे तीव्र मतभेद झाले, ते मात्र फारसे वाचले जात नाहीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात ते सविस्तर आले आहेत. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा, सिद्धान्त आपल्या बुद्धीला पटल्याशिवाय आपण तो मान्य करणार नाही, असे रमाबाई सांगतात. आपला शाकाहार त्या सोडत नाहीत. क्रूसावर लॅटिन अक्षरे असावीत, असे सुचवले जाते तेव्हा संस्कृत का नकोत, असा त्यांचा प्रश्न असतो. मनोरमेचे धर्मशिक्षण कोणाच्या म्हणण्याप्रमाणे व्हावे, यावरही त्या माघार घेत नाहीत. मे १८८५ मध्ये वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना लिहिताना त्या स्पष्ट करतात की, देवाने आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी, मन आणि निर्णयशक्ती दिली आहे, आणि आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभासद असलो तरी धर्मगुरूंच्या किंवा बिशपांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द स्वीकारण्यास बांधलेल्या नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या तशाच जोखडाखाली जाण्याची त्यांची तयारी नव्हती.

हा पत्रव्यवहार इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, रमाबाई म्हणजे मिशनऱ्यांच्या हातचे बाहुले, हा समज त्यापुढे टिकत नाही. त्यांच्या खाण्यापिण्याचा, राहण्याचा आणि मुलीच्या शिक्षणाचा भार ज्यांच्यावर होता, त्यांनाच परक्या देशात, विधवा अवस्थेत, तान्ही म्हणावी अशी मुलगी पदरी असताना त्या ‘मला पटत नाही’ असे सांगत होत्या. ज्या सदसद्विवेकबुद्धीने त्यांना ख्रिस्ताकडे नेले, तीच त्यांना चर्चच्या आज्ञेपुढे उभे राहण्यास सांगत होती, आणि या दोन गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटत नव्हत्या.

आता शारदा सदनाकडे वळू. अमेरिकेत रमाबाईंच्या कामासाठी मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे मान्य केले. त्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. उच्चवर्णीय हिंदू विधवांना शिक्षण देऊन स्वतःच्या पायावर उभे करणे हा त्याचा हेतू होता. संस्थेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, मुलींना आपापले आचार पाळता येतील, जातीचे नियम मोडावे लागणार नाहीत, असे जाहीर करण्यात आले होते. या आश्वासनावर विसंबूनच न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात बसली आणि पालकांनी मुली पाठवल्या. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत बायबल वाचत आणि प्रार्थना करत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाई त्यांना बोलावत नव्हत्या आणि घालवूनही देत नव्हत्या. ‘केसरी’ने यावर सातत्याने टीका केली. अखेर ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर व इतर सल्लागारांनी राजीनामे दिले आणि त्यानंतर बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या.

माझे मत मी आडपडदा न ठेवता मांडतो. प्रार्थना करताना दार लावून घेण्याची सक्ती कोणत्याही श्रद्धावंतावर असू नये. श्रद्धा ही चोरून करण्याची गोष्ट आहे, असे मान्य केले की सार्वजनिक जीवनात फक्त दोन प्रकारची माणसे उरतात : ज्यांना कशाचीच खोल निष्ठा नाही अशी, आणि जी ती लपवतात अशी. रमाबाईंनी ती लपवली नाही. एवढेच म्हणून मी थांबलो, तर मात्र प्रश्नाचा सोपा अर्धा भागच सोडवल्यासारखे होईल. दाराबाहेर ज्या मुली होत्या, त्यांना जाण्यासाठी दुसरे घर नव्हते. त्यांच्या अन्नवस्त्राची, शिक्षणाची आणि मायेची जागा रमाबाईंच्या एकटीच्या हाती होती. अशा ठिकाणी काहीही न सांगता केलेली कृतीसुद्धा फार मोठ्याने बोलते. म्हणून दार उघडे ठेवण्याचा हक्क मान्य करूनही, त्या हक्काबरोबर कोणते बंधन येते, हे विचारावेच लागते. यावर इतरांची मते वाचायला आवडतील.

जुना_वाचक :

लेख संयत आहे, त्याबद्दल आभार. एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधतो. आपण ‘सदसद्विवेकबुद्धी’ हा शब्द रमाबाईंच्या बाजूला ठेवलात आणि रानडे-भांडारकरांच्या वाट्याला केवळ राजीनामा आला. त्यांचा राजीनामा हीदेखील नैतिक निष्ठेची कृती होती, असे मला वाटते. ही माणसे रमाबाईंची शत्रू नव्हती. १८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या, तेव्हा त्यांच्या पाठीशी हीच प्रार्थना समाजाची मंडळी उभी होती. पालकांना त्यांनी आपल्या नावाची हमी दिली होती. संस्थेच्या घोषित धोरणापेक्षा वेगळे काही घडत आहे अशी खात्री झाल्यावर त्यांनी काय करायला हवे होते? गप्प बसले असते, तर आपल्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या पालकांची फसवणूक त्यांच्या हातून झाली असती.

रानडे यांच्याविषयी आणखी एक आठवण येथे अस्थानी होणार नाही. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्याबद्दल अनेक मान्यवरांवर ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराची कारवाई, आले, आणि १८९२ मध्ये रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. चहा पिण्यात पाप नाही, असे मनातून मानणाऱ्या माणसाने घरच्यांसाठी आणि समाजाबरोबर राहण्यासाठी ती तडजोड केली. तिची पुष्कळ निंदा झाली आहे. मला ती निंदा पूर्णपणे पटत नाही, पण रमाबाई आणि रानडे यांच्या वाटा कोठे वेगळ्या होतात, हे त्यातून स्पष्ट दिसते. रानडे समाजाला बरोबर घेऊन चालण्यासाठी थांबत, तर रमाबाईंना एखादी गोष्ट सत्य म्हणून पटली की त्या थांबू शकत नसत. दोघांच्याही वागण्याला नैतिक आधार होता आणि दोघांनीही त्याची किंमत मोजली.

मुळामुठा :

आपला मुद्दा मोलाचा आहे आणि राजीनाम्याबद्दल मी आपल्याशी सहमत आहे. जाहीर राजीनामा देऊन, कारणे सांगून बाहेर पडणे हा विरोधाचा अत्यंत प्रामाणिक मार्ग होता. त्याच काळात वर्तमानपत्रांतून रमाबाईंच्या हेतूंवर जो चिखल उडवला गेला, त्यापासून तो वेगळा काढायला हवा. एका विधवा स्त्रीने धर्म बदलला म्हणून तिचे विद्वत्तेचे, चारित्र्याचे आणि देशप्रेमाचे सारे श्रेय रद्द झाले, असे मानणे हा वेगळाच अपराध आहे, आणि तो पुण्याने केला.

कायद्याची_विद्यार्थिनी :

हा वाद वाचताना आपल्या संविधानातील अनुच्छेद २५ आणि अनुच्छेद २८ एकत्र वाचावेत, असे मला सुचवायचे आहे. अनुच्छेद २५ प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो आणि धर्माचे प्रकटीकरण, आचरण व प्रचार करण्याचा हक्कही देतो. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या आणि इतर मूलभूत हक्कांच्या अधीन राहून. अनुच्छेद २८ च्या तिसऱ्या खंडानुसार, राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याकडून अनुदान घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान (अल्पवयीन) असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणास किंवा उपासनेस उपस्थित राहणे भाग पाडता येत नाही. शारदा सदनाच्या वादानंतर अर्ध्याहून अधिक शतकाने लिहिलेली ही तरतूद जणू त्याच वादाला दिलेले उत्तर वाटते.

सदसद्विवेकबुद्धीचे हे स्वातंत्र्य न्यायालयाने किती गांभीर्याने घेतले, याचे उत्तम उदाहरण केरळमधील आहे. जुलै १९८५ मध्ये यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती मुले आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेनुसार देवाव्यतिरिक्त कोणाचेही स्तवन गाणे योग्य नाही, म्हणून गात नसत. उच्च न्यायालयात त्यांना न्याय मिळाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी, न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांच्या खंडपीठाद्वारे, त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या नावाने हा निकाल ओळखला जातो. एखादी श्रद्धा आपल्याला पटते का, हा न्यायालयापुढचा प्रश्न नाही. ती खरोखर आणि प्रामाणिकपणे बाळगलेली आहे का, हे पाहायचे, ही त्यातील भूमिका मला फार महत्त्वाची वाटते. मुलांनी कोणाला रोखले नव्हते, कोणाचा अपमान केला नव्हता. त्यांनी फक्त स्वतःपुरते एक कृत्य करण्याचे नाकारले होते.

दुसऱ्या बाजूला, १९७७ च्या स्टॅनिस्लॉस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने असे ठरवले की, धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क अंतर्भूत नाही, कारण समोरच्या व्यक्तीलाही तितकेच सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. त्या निकालावर अभ्यासकांनी टीका केली आहे आणि माझ्याही त्याविषयी काही शंका आहेत, पण त्या येथे विषयांतर ठरतील. शारदा सदनाच्या बाबतीत मात्र कसोटी तीच राहते : दाराच्या आतल्या व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलीचे स्वातंत्र्य, ही दोन्ही सारखीच खरी आहेत.

नगरकर :

मी नगरच्या ख्रिस्ती कुटुंबात वाढलो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट अशी की, रमाबाईंच्या विवेकाची खरी परीक्षा मला १८९७ च्या प्लेगमध्ये दिसते. पुण्यात घरे तपासली जात होती, माणसे हलवली जात होती आणि लोक भयाने ग्रासले होते. तेव्हा रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात सरकारी प्लेग-इस्पितळातील व्यवस्थेवर, विशेषतः तेथे स्त्रियांच्या वाट्याला येणाऱ्या वागणुकीवर, उघड टीका केली. तो विषय ब्रिटिश संसदेपर्यंत गेला आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांना प्लेगविषयीच्या आपल्या विधानांबद्दल जाहीर माफी मागावी लागली होती, यावरून तेव्हा सरकारवर बोट ठेवणे किती धोक्याचे होते, याची कल्पना येईल. रमाबाईंच्या संस्थेला पैसा प्रामुख्याने इंग्लंड-अमेरिकेतील ख्रिस्ती लोकांकडून येत असे. राज्यकर्तेही ख्रिस्तीच होते. ख्रिस्ती होणे म्हणजे सरकारच्या बाजूला जाणे, असा जो हिशेब त्या काळी मांडला जाई आणि आजही क्वचित ऐकू येतो, त्याला याहून स्पष्ट उत्तर मला सापडत नाही. ज्या श्रद्धेने त्यांना दुबळ्या स्त्रियांच्या बाजूला उभे केले, ती श्रद्धा त्या स्त्रियांना छळणारा राज्यकर्ता आपल्याच धर्माचा आहे म्हणून गप्प बसली नाही.

दुसरी गोष्ट कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची. टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्या आपले सोवळेओवळे पाळत होत्या आणि टिळक त्यांना ते पाळू देत होते. जातिभेद मनुष्यकृत आहे, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्या विचाराने उमगले आणि मगच त्या ख्रिस्ती झाल्या. तो प्रसंग त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवला आहे. आपली निष्ठा ठाम असूनही दुसऱ्याच्या निर्णयाची वाट पाहता येते, हे त्या घराने दाखवले. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहण्याचे ठरवले, कारण भारतीय माणसाने ख्रिस्ताचे अनुसरण परदेशी संस्थेच्या वेतनावर अवलंबून राहून करू नये, असे त्यांना तीव्रतेने वाटू लागले होते. आमच्या घरी प्रार्थनेत त्यांची अभंगरूपी गीते आजही म्हटली जातात.

जुना_वाचक :

प्लेगच्या पत्राचा संदर्भ दिल्याबद्दल नगरकरांचे आभार. तरीही मला एक शंका सतावते आणि ती मी आदरपूर्वकच मांडतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तेथे शारदा सदनाचे जुने बंधन राहिले नव्हते. संस्था उघडपणे ख्रिस्ती होती आणि मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले. भुकेने मरणाऱ्या मुलीला अन्न देणाऱ्या हाताने दिलेला धर्म ती नाकारू शकली असती का? रमाबाईंच्या प्रामाणिकपणाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. प्रश्न त्या मुलीच्या स्वातंत्र्याचा आहे.

वसईची_मुलगी :

जुना_वाचक यांचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण मी स्वतः ख्रिस्ती संस्थेने चालवलेल्या मुलींच्या वसतिगृहात काम करते आणि हा प्रश्न आमच्यासमोर रोज असतो. आमच्याकडे संध्याकाळी प्रार्थना होते. इतर धर्मांच्या मुलींना त्या वेळी अभ्यासिकेत बसता येते, आणि तेथे तितकाच चांगला उजेड व पंखा असेल, याची काळजी आम्ही घेतो. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण प्रार्थनेला न येणाऱ्या मुलीला कमी सोयीच्या जागी बसवले, तर तोंडाने काहीही न बोलता आपण तिच्यावर दबाव आणतो. प्रार्थनेला कोण येते याची नोंद आम्ही ठेवत नाही. मुलीने स्वतःहून श्रद्धेविषयी काही विचारले, तर मी प्रामाणिकपणे उत्तर देते, खोटे बोलत नाही आणि विषय बदलत नाही. तिच्या घरच्यांनाही आम्ही प्रवेशाच्या वेळीच सांगतो की, ही ख्रिस्ती संस्था आहे, येथे प्रार्थना होते आणि ती ऐच्छिक आहे. जो आश्रित आहे, त्याला ‘नाही’ म्हणणे खरोखर सोपे करून ठेवणे, हे आश्रय देणाऱ्याचे काम आहे, असे मला वाटते.

मुक्ती सदनाबद्दल मी एवढेच म्हणेन की, त्या मुलींना आणण्यासाठी दुसरे फारसे कोणी धावले नव्हते. त्याने प्रश्न सुटत नाही, हे मला कळते. परंतु प्रश्न विचारताना तो फक्त धावून जाणाऱ्यालाच विचारला जाऊ नये.

कायद्याची_विद्यार्थिनी :

वसईच्या ताईंचा शेवटचा मुद्दा मला अनुच्छेद २८ कडे पुन्हा घेऊन जातो. तेथे अज्ञान मुलांसाठी पालकाची संमती पुरेशी मानली आहे. शारदा सदनातील मुलींचे पालक कोण होते, याचा विचार केला की ही तरतूदही अपुरी वाटू लागते. बालविधवेचे केशवपन करणारे, तिला एकवेळ जेवायला घालणारे आणि तिच्या शिक्षणाला विरोध करणारे तिचे सासरचे किंवा माहेरचे लोकच कित्येकदा तिचे पालक होते. त्यांच्या संमतीला मुलीच्या सदसद्विवेकबुद्धीचा आवाज म्हणायचे का?

मुळामुठा :

हाच प्रश्न १८९३ मध्ये कोणी फारसा विचारला नाही. ‘केसरी’ने पालकांच्या वतीने लिहिले, सल्लागारांनी पालकांना दिलेल्या शब्दाला जागून राजीनामे दिले, आणि रमाबाईंनी आपल्या प्रार्थनेच्या स्वातंत्र्याचे समर्थन केले. मुलींना काय वाटत होते, हे त्या वादात जवळपास ऐकूच येत नाही. सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांनी तेथे शिक्षण घेतले, मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आनंदीबाई झाल्या आणि हिंदूच राहिल्या. त्याच छपराखाली राहिलेल्या दुसऱ्या काही मुली ख्रिस्ती झाल्या. दोन्ही प्रकारच्या मुली तेथून शिकून बाहेर पडल्या, याला मी महत्त्व देतो.

वसईच्या ताईंनी सांगितलेली पद्धत रमाबाईंनी शारदा सदनात पाळली असती, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी मुलींसाठी तितकीच आपुलकीची दुसरी जागा ठेवली असती आणि जे घडत आहे ते पालकांना व सल्लागारांना आधीच कळवले असते, तर दार उघडे ठेवूनही वाद टळला असता का? सनातन्यांचा विरोध टळला नसता, कारण त्यांचा आक्षेप विधवांच्या शिक्षणालाच होता. रानडे आणि भांडारकर यांना मात्र कदाचित राजीनामे द्यावे लागले नसते, आणि ही दोन माणसे सोबत राहणे हे सदनाच्या दृष्टीने मोठेच बळ ठरले असते. जुना_वाचक यांचे यावर काय मत आहे, ते जाणून घ्यायला आवडेल, कारण त्या राजीनाम्यांकडे त्यांनी माझ्यापेक्षा अधिक बारकाईने पाहिलेले दिसते.

जुना_वाचक :

रानडे राहिले असते, असे मला वाटते. प्रार्थना समाजाच्या माणसाला दुसऱ्याच्या प्रार्थनेचे भय नव्हते. आपण पालकांना जे सांगितले आहे तेच संस्थेत घडावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. भांडारकरांबद्दल मी तितक्या खात्रीने बोलू शकणार नाही. रमाबाईंनी आधी कळवावे ही अपेक्षा रास्त आहे, पण सल्लागारांनीही पहिल्या दिवसापासून विचारायला हवे होते की, ही बाई ख्रिस्ती आहे, ती प्रार्थना करणारच, तर आपण तिच्याकडून नेमके कोणते वचन घेत आहोत? ‘धर्मशिक्षण नाही’ एवढ्या दोन शब्दांवर दोन्ही बाजूंनी आपापला अर्थ गृहीत धरला आणि तो लिहून घेण्याची तसदी कोणी घेतली नाही.

नगरकर :

माझ्या माहितीतल्या अनेक ख्रिस्ती संस्थांच्या प्रवेशपत्रकांवर आजही अशीच मोघम वाक्ये असतात. वसईच्या ताई, आपल्या वसतिगृहात प्रवेशाच्या वेळी पालकांना जे सांगता, त्याचा मजकूर शक्य असल्यास येथे द्यावा. आमच्या मंडळीच्या शाळेच्या समितीपुढे पुढील बैठकीत तो ठेवण्याचा माझा विचार आहे.